एकसष्ट ग्रॅम

मावशीवर मी डूख धरला तो गुरुवार होता. सभागृहात आम्ही चारशे मुलं खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलो होतो, स्टेजवर माझी सख्खी मावशी माइक हातात घेऊन उभी होती आणि तिच्या मागच्या पडद्यावर आलेखाचे दोन खांब होते. निळा बुटका, लाल उंच.

"नाव मी सांगणार नाही," मावशी म्हणाली. मावशी माणसांच्या मनाचा अभ्यास करते आणि तिला त्यात डॉक्टर व्हायचंय. औषधं देणारी नव्हे, नावाच्या आधी लावायची. "पण नववीतली एक मुलगी आहे. गोळीबाराचे गेम रोज खेळणारी. तिने कपात सॉस किती घातला माहितीये? एकसष्ट ग्रॅम. अर्ध्या बाटलीच्या वर."

चारशे डोकी माझ्याकडे वळली. नाव सांगायची गरजच काय होती? प्रयोगाच्या दिवशी अर्धा वर्ग लॅबच्या दाराशी रांगेत उभा होता आणि बाटली दाबताना तिने जो आवाज केला होता, तो आठवीच्या वर्गापर्यंत गेला होता.

म्हणजे झालं होतं असं. महिन्यापूर्वी मावशीने आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून नववीचे दोन भाग पाडले. एका भागाने पंधरा मिनिटं गोळीबाराचा गेम खेळायचा, दुसऱ्याने रंगीत फरश्या जुळवायचा. हा इतका गरीब गेम आहे की त्यात हरलं तरी स्क्रीनवर फुलं येतात. खेळून झालं की दारातल्या टेबलाशी जायचं. तिथे मावशी कागदी कप पुढे करायची, मिरचीच्या सॉसची बाटली हातात द्यायची आणि प्रत्येकाला अगदी तेच वाक्य ऐकवायची, "तुझ्यानंतर जो येईल त्याला तिखट आवडत नाही. पण तू घालशील तेवढं त्याला संपवावंच लागेल. घाल हवा तेवढा." मग कप वजनकाट्यावर. जितके ग्रॅम, तितकी तुमच्या अंगातली मारकुटी वृत्ती. तो सॉस खरं तर कोणीच खात नव्हतं, बेसिनमध्ये ओतत होते, पण हे आम्हाला सगळं झाल्यावर सांगितलं.

फरश्यावाल्यांची सरासरी सहा ग्रॅम निघाली. गोळीबारवाल्यांची एकोणीस. आणि माझे एकसष्ट.

मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव बदललं होतं. "ए एकसष्ट, डबा खायला येतेस का? की सॉस आणलायस?" "एकसष्टला रागवू नका रे, ओतेल!" गणिताच्या तासाला सरांनी अंकांची बेरीज विचारली, उत्तर नेमकं साठ अधिक एक आलं, आणि वर्ग असा फुटला की सरांना वाटलं पँट उसवली.

हेही मी सहन केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. शेजारी हँडबॉलचे सर उभे होते, बुटांकडे बघत.

"दोन पालकांचे फोन आलेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांच्या मुली तुझ्यासोबत खेळतात. उद्या तू रागाच्या भरात चेंडू कुणाच्या तोंडावर मारलास तर?"

"बाई, मी गोलकीपर आहे. मी चेंडू अडवते. मारतात बाकीच्या. माझ्या तोंडावर मारतात."

सर खोकले. तो खोकला हसण्याचा होता, पण त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

"तुझ्या मावशींचा अहवाल पूर्ण होऊ दे, मग बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "तोपर्यंत तू संघाबाहेर."

सामना अठ्ठावीस दिवसांवर होता. अहवाल वर्षअखेरीस येणार होता. आणि गोलमध्ये कोण उभी राहणार, तर जी चेंडू दिसला की डोळे मिटते ती. दोन वर्षं मी पहाटे उठून गोलच्या दोन खांबांमध्ये स्वतःला आपटून घेतलं होतं. दोन्ही कोपरांची सालं गेली होती. सहावीत मी अशी मुलगी होते की बाकावर दुसरं कोणी बसलं असलं तरी "ही माझी जागा आहे" म्हणायचं धाडस व्हायचं नाही. गोलमध्ये उभी राहिल्यापासून मला ओरडता येऊ लागलं. "डावीकडे! डावीकडे बघ!" असं सहा जणींवर ओरडायचं आणि त्या ऐकतात! ते सगळं एका कपात गेलं.

घरी आईने वेगळाच न्याय केला. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जगणारी बाई. ती आरडाओरडा करत नाही. तिने कॉम्प्युटरची वायर काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि पर्समध्ये टाकली.

"ही दुकानात राहील."

"आई, तो सॉस गेममुळे नव्हता गं."

"मग कशामुळे होता? एक पोर तो खाणार आहे असं सांगितलं होतं ना तुला? तुला ते खरं वाटत होतं ना?"

"हो."

"तरी ओतलास?"

आता आईशी खोटं बोलण्यात अर्थ नसतो, ती काचेतला ओरखडा नुसत्या बोटाने ओळखते. "त्या क्षणी मला कोणाला तरी तिखट लागावं असं फार वाटत होतं," मी म्हटलं.

आई भाजी चिरायला गेली.

पण का वाटत होतं, हे कोणी विचारेना! मी नऊ नंबरच्या मशीनवर बसले होते. त्या मशीनच्या माउसचं डावं बटण अडकतं. दाबलं की दाबलेलंच राहतं, आणि सोडावं म्हटलं तर दोनदा दाबल्यासारखं होतं. घरी मी ज्या गेममध्ये भल्याभल्यांना पाणी पाजते, त्यात मी पंधरा मिनिटांत अकरा वेळा मेले. तेही कोणाकडून? तर ज्याला बंदूक कुठल्या बाजूने धरायची हे माहीत नाही अशा पोरांकडून. मी हात वर करून मावशीला सांगितलंही होतं, "माउस अडकतोय." मावशीने मान डोलावली होती आणि वहीत काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं, माउसचंच लिहिलं.

काय लिहिलं ते मला त्या रविवारी कळलं. मावशी दर रविवारी आमच्याकडे येते. आली, सोफ्यावर पिशवी टाकली, म्हणाली, "रुसलीस का गं? तुझं नाव नाही घेतलं मी."

"उंचीही सांगायचीस मग. कपड्यांचा रंग सांगायचास."

"बाळ, हे शास्त्र आहे. यात व्यक्तिगत काही नसतं."

"मावशी, माउस अडकत होता. मी सांगितलं होतं तुला."

मावशी हसली. ते हसू मी कधी विसरणार नाही. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रातली बाई हसते ना, तसं. "प्रत्येकाला काहीतरी कारण सापडतंच, बाळ," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

वही पिशवीतून बाहेर डोकावत होती. काढली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला माहीत आहे, पण तीत मीच होते ना! मशीन ९. मिनिट ३: चिडचिड सुरू. साधनाला दोष देते. मिनिट ७: जोरजोरात श्वास. मिनिट ११: टेबलावर हात आपटला. शेवटी, ठळक: गेमचा स्पष्ट परिणाम.

साधनाला दोष देते! साधन म्हणजे तो माउस.

मी वही होती तशी ठेवली आणि मावशी बाहेर आल्यावर तिला चहाही दिला. साखर बरोबर घातली. मावशीला वाटलं, पोरगी निवळली. त्या वेळेपासून मी खरी धोकादायक झाले.

एक गोष्ट कबूल करते. गेम खेळताना मी काही सज्जन दिसत नाही. ओरडते, शिव्या देते, कधी कधी बंद केल्यावरही हात थरथरत असतात. त्याने माझं काही बिघडतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण गेममध्ये ज्याला मी उडवते तो दहा सेकंदांत परत उभा राहतो आणि "बरी मारलीस" म्हणून पुढे जातो. कोणी मनात ठेवत नाही. वायर गेल्यावर मी तेवीस दिवस काहीच खेळले नाही, आणि त्या तेवीस दिवसांत मी जेवढी दुष्ट झाले तेवढी आयुष्यात कधी नव्हते. झोपेतून उठले की पहिला विचार मावशीचा. तिचं मोठं कुंकूसुद्धा सुटलं नाही, मनातल्या मनात मी त्यावर नेम धरायचे.

सामन्याच्या आदल्या शनिवारी सकाळी पालकसभा होती, आणि मावशी तिथे पालकांना प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवणार होती. हे मला बुटकीने सांगितलं. बुटकी माझी मैत्रीण, वर्गात सगळ्यात उंच, म्हणून बुटकी. प्रयोगात ती फरश्यावाली होती. चार ग्रॅम.

"तुम्हाला कुठे बसवलं होतं?" मी तिला विचारलं.

"पहिल्या रांगेत. नव्या मशिनी. काय मऊ माउस आहेत गं!"

"आणि गोळीबारवाले सगळे?"

"तिसऱ्या रांगेत. तिथले पडदे मोठे आहेत ना, म्हणून मावशी म्हणाल्या की..." बुटकी थांबली. "अगं, तिसऱ्या रांगेचे सगळेच माउस भंगार आहेत."

म्हणजे फक्त मीच नव्हते. मावशीने चांगले माउस एका गेमला दिले होते आणि अडकणारे सगळे दुसऱ्याला, आणि मग लाल खांब का वाढला म्हणून चारशे जणांना भाषण दिलं होतं! आमच्या शाळेतलं शेंबडं पोरसुद्धा तिसऱ्या रांगेत बसायला मागत नाही. मावशीला माहीत नव्हतं, कारण मावशी लॅबमध्ये उभी राहून लिहीत होती. एकदाही खुर्चीत बसली नव्हती.

"सांगून टाक मोठ्या बाईंना," बुटकी म्हणाली.

"सांगितलं तर त्या म्हणतील, साधनाला दोष देते."

मग मी लॅबवाल्या काकांकडे गेले. ते कीबोर्ड उलटा करून त्यातून बिस्किटाचा चुरा झटकत होते.

"काका, शनिवारी सभागृहात एक मशीन न्यायचंय ना मावशीसाठी? नऊ नंबरचं न्याल?"

"नऊचा माउस अडकतो."

"म्हणूनच."

काकांनी कीबोर्ड खाली ठेवला. "मी मोठ्या बाईंना तीन अर्ज दिलेत नव्या माउससाठी. तीन! उत्तर काय, तर मुलं नीट वापरत नाहीत." ते विचारात पडले. "बाराचा देऊ का? बाराचा तर अजून हरामखोर आहे."

"नको. नऊच. मला दिला तोच."

"आणि मला कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"खरंच सांगायचं. तिसऱ्या रांगेतलं आहे म्हणून. मावशीला मोठेच पडदे आवडतात."

शनिवारी मला सरांनी खुर्च्या लावायला बोलावलं होतं. संघ मैदानावर सराव करत होता आणि मी खुर्च्या! खिडकीतून दिसत होतं, डोळे मिटणारी मुलगी एकामागून एक गोल खात होती. प्रत्येक गोलाला मी एक खुर्ची जरा जोरात आपटली. चाळीस-पंचेचाळीस पालक आले. माझी आई तिसऱ्या ओळीत, दुकानाचा कोट तसाच अंगात.

मावशीने खांब दाखवले, सहा आणि एकोणीस सांगितले, आणि मग म्हणाली, "आता प्रात्यक्षिक. फरश्यांच्या गेमने मन कसं शांत राहतं ते बघा. कोण येतंय खेळायला?"

"मॅडम, तुम्हीच खेळा ना!" मागून बुटकी ओरडली. उंच असल्याचा हा फायदा, आवाज वरून येतो.

"हो हो, तुम्हीच!" पालकही सुरू झाले. मावशीला लाजायला झालं, पण आवडलंही. ती नऊ नंबरच्या मशीनसमोर बसली. मोठ्या पडद्यावर रंगीत फरश्या आल्या. मी सरकत सरकत तिच्या मागे जाऊन उभी राहिले. हातात वही, पेन.

"तू काय करतेस इथे?" मावशी कुजबुजली.

"नोंदी. प्रयोगात कोणीतरी नोंदी घ्यायला हवं ना."

पहिलं मिनिट बरं गेलं. मग माउस अडकला. पिवळी फरशी निळ्यात जाऊन बसली. मावशीने ती उचलली, ती परत तिथेच पडली. पालकांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मावशीने बटण दाबलं, दोनदा दाबलं गेलं, अख्खी ओळ उलटली.

"हा माउस अडकतोय," मावशी म्हणाली.

मी घड्याळ बघितलं आणि माइकजवळ तोंड नेलं. "मिनिट तीन. चिडचिड सुरू. साधनाला दोष देते."

मावशीची मान ताठ झाली. तिला तिचेच शब्द ओळखू आले असणार. पण मागे वळून बघितलं तर फरश्या पडतात, म्हणून तिला वळता येईना. आहाहा! मला तो ताठ मानेचा मागचा भाग फ्रेम करून ठेवायचा होता.

"मिनिट पाच. जोरजोरात श्वास."

"गप्प बस गं!"

"मिनिट पाच. उद्धट उत्तर."

आता सगळेच हसत होते. पडद्यावर फरश्यांचा ढीग लागला होता, माउस कटकट कटकट करत होता आणि मावशी तो टेबलावर आपटत होती. "मिनिट आठ, टेबलावर हात आपटला." शेवटी फुलं आली. हरली की येतात ती.

मावशी उठली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी तिच्यापुढे कागदी कप धरला. बाटलीही दिली. आणि तिचं वाक्य तिला शब्दशः म्हणून दाखवलं, "तुझ्यानंतर मी आहे. मला तिखट आवडत नाही. पण तू घालशील तेवढं मी संपवीन. घाल हवा तेवढा."

तिने दोन थेंब घातले असते तर मी मेले होते. माझा सगळा डाव तिथेच आटोपला असता. तिला ते कळतही होतं, मला खात्री आहे. पण मी हसत होते. दवाखान्यातल्या चित्रातल्या बाईसारखी. तीन आठवडे आरशासमोर बसवलेलं हसू होतं ते.

मावशीने बाटली दाबली.

काट्यावर सत्तावीस आले.

"फरश्यावाल्यांची सरासरी किती होती, मावशी?" मी माइकमध्ये विचारलं.

मोठ्या बाई पुढे झुकल्या. मावशी म्हणाली, "तू मला बिघडलेला माउस दिलास."

"तू मला दिला होतास. हाच. नऊ नंबर. गोळीबारवाल्या सगळ्यांना तिसरी रांग दिलीस आणि फरश्यावाल्यांना नवे माउस. काकांना विचार."

काका दारात उभेच होते. "तीन अर्ज दिलेत," ते म्हणाले. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण मोठ्या बाईंना बरोबर लागलं.

आणि मग मी चमचा घेतला आणि सत्तावीस ग्रॅम खाल्ले. कोणी मला खायला लावलं नसतं. पण मला मावशीला ते बघायला लावायचं होतं. पहिल्या चमच्याला काही नाही, दुसऱ्याला कान बंद झाले, तिसऱ्याला नाक आणि डोळे एकदमच वाहायला लागले. आई उठून उभी राहिली. मी हाताने तिला बस म्हटलं. कप उपडा करून दाखवला.

मावशी पांढरी पडली होती. मला वाटलं, झालं, जिंकले. पण मावशी माझीच मावशी आहे. तिने नवा कप घेतला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता तू घाल. गेम नाही, माउस नाही. यावेळी पुढची मी. आणि मी खरंच खाणार."

डाव कसा उलटला बघा. थोडा घातला तर सूड कसला? भरपूर घातला तर पंचेचाळीस पालक बघणार की ही पोरगी आहेच तशी, आणि खिडकीबाहेर आता सरही उभे होते, शिट्टी गळ्यात. शहाण्या मुलीने दोन थेंब घातले असते, टाळ्या घेतल्या असत्या आणि संघात गेली असती.

मला ते दोन थेंब खोटे वाटले. जीभ पेटली होती. मी बाटली उलटी केली आणि ती रिकामी होऊन फसफसेपर्यंत दाबली. वजन करायची गरजही नव्हती.

"तेवीस दिवस मी एकही गेम खेळलेली नाही," मी म्हटलं. माझा आवाज चिरका येत होता. "वायर आईच्या दुकानात आहे, विचारा तिला. हा राग गेमचा नाही. माझा आहे. आणि तुझ्यामुळे आहे. मी तुला सांगितलं होतं, मावशी. तू मला ओळखतेस, लहानपणापासून ओळखतेस, आणि तू माझं ऐकून लिहिलंस काय?"

मावशीने चमचा भरला. तिला तिखट अजिबात सोसत नाही, मिरपूड पडली तरी उचकी लागते. पहिला चमचा. दुसरा. मी थांब म्हटलं नाही. मनात एक कोपरा थांब म्हणत होता, पण बाकीची सगळी मी तिसरा चमचा मोजायला उभी होते. तिसऱ्याला तिला उचकी लागली, अशी की माइकने घेतली आणि सभागृहभर वाजवली.

आईने येऊन कप काढून घेतला. "पुरे," ती म्हणाली. मला म्हणाली की मावशीला, ते दोघींनाही कळलं नाही. "ताई, तू पाणी पी. आणि तू घरी चल, मग तुझ्याशी बोलते." ती बोललीही. ते मी इथे सांगणार नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी संघबंदी उठवली. लॅबमध्ये चोवीस नवे माउस आले. सरांनी मला गोलमध्ये उभं केलं, चेंडू माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, "मी पाहिलं हं खिडकीतून. बाटली रिकामी केलीस." "सामन्यात तो राग चेंडूवर काढायचा. आपल्या पोरींवर काढलास तर मी तुला स्वतः बाहेर बसवीन, मला कुठला अहवाल लागत नाही." हे मला मान्य होतं. कोणीतरी निदान मला बघून बोलत होतं.

मंगळवारी मावशी घरी आली. आवाज बसलेला. सगळा प्रयोग पहिल्यापासून करावा लागणार होता, तिचं पूर्ण वर्ष गेलं होतं.

"पूर्ण?" मी विचारलं.

"पूर्ण."

मी वाईट वाटायची वाट बघितली. आलं, पण बारीक आलं, आणि त्याच्याआधी बराच आनंद येऊन गेला होता.

"माझ्या विद्यापीठात एकालाही हे सुचलं नाही," मावशी म्हणाली. "पुढच्या वेळी मशिनी तू तपासून देशील? सगळ्यांचे माउस सारखे हवेत."

"एका अटीवर. आधी त्याच स्टेजवर, त्याच माइकवर, त्याच चारशे जणांसमोर सांगायचं. शास्त्र वगैरे नको. काय झालं ते."

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "उद्या चालेल?"

बुधवारी सकाळी हजेरीनंतर ती स्टेजवर चढली. पडद्यावर खांब नव्हते. "या शाळेतल्या एका मुलीने मला सांगितलं की तिचा माउस अडकतोय," ती म्हणाली. "मी ते लिहून घेतलं नाही. ती चिडली आहे एवढंच लिहिलं. त्यामुळे गोळीबाराच्या गेमने तुमचं नुकसान होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. माहीत असल्यासारखी मी तुमच्यासमोर बोलले. ते चुकलं."

चारशे डोकी पुन्हा वळली. मी ताठ बसून सगळ्यांकडे बघून घेतलं, एकेका ओळीकडे, ज्यांनी ज्यांनी हाक मारली होती त्यांच्याकडे जरा जास्तच.

"दुसऱ्या वेळी, शनिवारी पालकांसमोर, मात्र," मावशी पुढे म्हणाली, "तिने कुठलाही गेम न खेळता अख्खी बाटली ओतली. त्याचं कारण मला सापडलंय. पण ते घरगुती आहे."

सभागृह हसून कोसळलं. बुटकी तर खुर्चीवरून घसरली. मलाही हसू अगदी दातांपर्यंत आलं होतं, पण मी ओठ घट्ट मिटून बसले, कारण निदान सामना होईपर्यंत तरी मावशीच्या विनोदाला हसायचं नाही, असं मी ठरवलं होतं.